हातातले सामान आणि पोटातले सामान

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या व्याख्यानाचा विषय वाचून आपल्यापैकी कित्येकींना हसू आले असेल. वर्धापनदिनाला स्त्रीशिक्षण, संतवाङ्मय, निदान आहारशास्त्र असा एखादा भारदस्त विषय असावा, अशी आपली रीत. आणि मी बोलणार काय, तर विमानाने जाताना पेटीत काय भरावे आणि काय भरू नये! पण चिटणीसबाईंनी हा विषय सुचविला तेव्हा मी तो आनंदाने पत्करला. पेटी भरणे हे आपल्या घरांत बायकांचेच काम आहे. आणि जे काम आपले, त्याचे शास्त्रही आपल्याला ठाऊक असले पाहिजे.

१६ एप्रिल २०२५ रोजी आपल्या बेलोऱ्याच्या विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली. तोवर वऱ्हाडातल्या माणसाला विमान म्हटले की नागपूर गाठावे लागे. अकोल्याला शिवणीची धावपट्टी आहे, तरी अकोलेकर भगिनींनाही दूरच्या प्रवासाला नागपूरचीच वाट धरावी लागत आली आहे. मुले पुण्या-बंगळूरला, कोणाची दुबईला, कोणाची अमेरिकेत. त्यामुळे जिने आजवर बडनेऱ्याहून रेल्वेपलीकडचे वाहन पाहिले नाही, ती बाईही आज एकटी विमानात बसते. तिला ते साधतेही. पण तिची अडचण होते ती सामानाच्या तपासणीपाशी.

याचे कारण उघड आहे. आपण जातो त्या कशासाठी? लेकीच्या बाळंतपणाला, सुनेच्या डोहाळजेवणाला, नातवाच्या बारशाला. आपल्या पेटीत आपली अशी दोन लुगडी असतात. बाकी सारा बाळंतविडा, डिंकाचे लाडू, शेवया, कुरडया, सरगुंडे, मुगाच्या वड्या, जवसाची चटणी, मिरचीचे लोणचे, घरचे तूप आणि ओटीचे सामान. रेल्वेत हे गाठोडे बाकाखाली सरकवले की काम झाले. विमानतळावर मात्र ते यंत्राखालून जाते, आणि कोणी तरुण शिपाई म्हणतो, “मावशी, हे चालणार नाही.” मग ओटीची खोबऱ्याची वाटी कचऱ्याच्या टोपलीत पडते. चाळीस रुपयांच्या वस्तूचे दुःख नसते. पण मंगलकार्याला निघालेल्या बाईच्या मनाला ते लागते. मला सांगायचे आहे ते इतकेच, की हा नियम आपल्या मायेवर उगारलेला नाही. प्रत्येक नियमाच्या मागे कारण आहे, आणि पुष्कळदा त्या कारणासाठी कोणी तरी जीव गमावलेला आहे. कारण कळले की नियम पाठ करावा लागत नाही.

प्रथम हे समजून घ्यावे की विमानातले सामान दोन प्रकारचे. एक आपल्या हातातले, जे आपल्याबरोबर आत येते आणि डोक्यावरच्या फळीत किंवा पायाशी राहते. दुसरे, जे आपण खिडकीपाशी जमा करतो. मोठ्या विमानांत ते पोटातल्या कोठारात जाते. बेलोऱ्याला उतरले त्या सुमारे सत्तर जागांच्या छोट्या विमानात ते पुढच्या व मागच्या खोलीत ठेवतात. आपण बोलण्याच्या सोयीसाठी त्याला पोटातले सामान म्हणू. मोठ्या विमान उडत असताना त्याच्या पोटात कोणाला उतरता येत नाही. तेथे आग लागली तर ती विझवणारा वायू सोडण्याची सोय असते, पण घागर घेऊन धावणारे कोणी नसते. उलट हातातल्या सामानाला आग लागली तर ती डोळ्यांना दिसते आणि विझवता येते; मात्र हातातली सुरी कोणाच्या मानेवरही धरता येते. सगळे नियम या एका विचारातून निघाले आहेत.

म्हणून पेटी भरताना मी जमिनीवर तीन वाटे करते. पहिला वाटा घरीच राहण्याचा, दुसरा पोटातला, तिसरा हातातला.

घरी राहण्याच्या वाट्यात सर्वांत आधी खोबऱ्याची वाटी येते. आपल्याला नवल वाटेल की संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीत सुक्या खोबऱ्याला १३६३ असा स्वतंत्र क्रमांक आहे, आणि ते आपोआप पेट घेऊ शकणाऱ्या पदार्थांच्या वर्गात बसवले आहे. यात थट्टा नाही. खोबऱ्यात तेल पुष्कळ. त्या तेलाचा हवेशी संयोग होताना थोडी थोडी उष्णता निघत राहते. उघड्या परडीत ती निघून जाते. पण कोंदट जागेत, ढिगात, दमट हवेत ती साठत जाते आणि वाढत वाढत ठिणगीवाचून आग धरते. कापसाच्या मुलखातल्या बायकांना हे परके नाही. तेलकट चिंध्या किंवा ओली सरकी रचून ठेवली तर ढीग आतून गरम होतो, हे आपल्या जिनिंगमधला हमालही सांगेल. तेव्हा खोबऱ्याची वाटी हातातही नको आणि पोटातही नको. ती किसून, भाजून लाडवांत किंवा मसाल्यात मिसळली की तो निराळा पदार्थ झाला.

अख्ख्या नारळाची गोष्ट वेगळी. तो भारतात हातातल्या सामानात सहसा नेऊ देत नाहीत. २०२४ च्या ऑक्टोबरात शबरीमलाच्या यात्रेकरूंसाठी त्यांच्या इरुमुडीतला नारळ हाताशी नेण्याची मुद्दाम मुभा दिली गेली, तीही २० जानेवारी २०२५ पर्यंत आणि तपासणी करून. यावरून नेहमीचा नियम काय ते कळते. पोटातल्या सामानात न्यायचा असेल तर आधी विमानकंपनीला विचारावे. माझे मत विचाराल, तर ओटीचा नारळ उतरल्या गावी विकत घ्यावा. नारळ नाही असे गाव नाही. आणि ओटी भरली जाते ती हाताने आणि मनाने, नारळाच्या जन्मगावाने नव्हे.

याच वाट्यात कापूर, काडेपेटी, लायटर, फटाके, रॉकेल आणि गॅसची टाकी. देवपूजेचा डबा उचलून तसाच पेटीत ठेवण्याची आपली सवय असते; त्यातली कापराची डबी आणि काडेपेटी आठवणीने बाहेर काढावी. स्टोव्ह तर कधीच नको. २६ नोव्हेंबर १९७९ रोजी जेद्द्याहून कराचीला निघालेले पाकिस्तानचे एक विमान हाज यात्रेकरूंना घेऊन येत होते. त्याच्या मागच्या भागात आग लागली, आणि विमान ताईफजवळ कोसळून १५६ माणसे गेली. तपासात कारण पक्के ठरले नाही. पण यात्रेकरूंनी बरोबर आणलेल्या स्टोव्हमधून इंधन गळले असावे, ही एक शक्यता मांडली गेली. परमुलखात आपल्या हातचे चार घास मिळावेत म्हणून कोणी भाविकाने तो स्टोव्ह घेतला असेल. हेतू किती साधा, आणि अनर्थ केवढा!

दुसरा वाटा पोटातला. विळी, सुरी, कात्री, अडकित्ता, सोलाणे हे सारे जमा करण्याच्या पेटीत, आणि तेही पात्याला जाड कापड गुंडाळून, म्हणजे पेटी उघडणाऱ्याचा हात कापणार नाही. ११ सप्टेंबर २००१ रोजी अमेरिकेत विमाने पळवली गेली ती तोफा-बंदुकांनी नव्हे, लहान पात्यांच्या धाकावर. तेव्हापासून सुपारी कातरण्याचा अडकित्ताही तपासनिसाच्या डोळ्यांत शस्त्र झाला. तिखटाची पूड, ठेचा आणि मिरचीचे लोणचेही पोटातच. तिखट डोळ्यांत गेले तर काय होते, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. वैमानिकाच्या किंवा सेविकेच्या डोळ्यांत ते जाऊ नये एवढाच हेतू.

तूप, लोणच्याचा खार, काकवी, पातळ चटणी यांचे एक वेगळेच प्रकरण आहे. २००६ च्या ऑगस्टमध्ये लंडनच्या पोलिसांनी एक कट उघडकीस आणला. शीतपेयाच्या बाटल्यांत स्फोटक द्रव भरून अटलांटिकवरची विमाने उडवून देण्याचा तो बेत होता. तेव्हापासून परदेशी प्रवासात हातातल्या सामानात कोणताही पातळ किंवा लेपासारखा पदार्थ १०० मिलिलीटरपेक्षा मोठ्या बाटलीत चालत नाही, आणि अशा सगळ्या बाटल्या मिळून एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत. येथे मोजतात ते बाटलीचे माप, आतल्या वस्तूचे नव्हे. मोठ्या बरणीत तळाशी दोन चमचे तूप असले तरी ती बरणी मोठीच. तान्ह्या मुलाचे दूध आणि आवश्यक औषध यांना सवलत असते. देशातल्या प्रवासातही हेच माप धरून चालले तर फजितीचा प्रसंग येत नाही. तूप-लोणचे न्यायचेच तर पोटातल्या पेटीत, घट्ट झाकणाच्या डब्यात, झाकणाला चिकटपट्टी लावून आणि वरून दोन पिशव्या घालून. किती किलो चालेल ते विमानकंपनीला आधी विचारावे. विमान वर गेले की भोवतीच्या हवेचा दाब कमी होतो आणि बरणीतली कोंडलेली हवा बाहेर पडू पाहते. म्हणून गळके झाकण घरी गळले नाही तरी विमानात गळते. बरणी काठोकाठ भरू नये.

तिसरा वाटा हातातला. जे हरवले तर चालणार नाही ते हाताशी, हा पहिला नियम. दागिने, पैसे, घराच्या किल्ल्या, कागदपत्रे, चष्मा, आणि मधुमेहाचे इन्शुलिन किंवा रक्तदाबाच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीसह हातातल्या पिशवीत असाव्यात. पोटातली पेटी एखाद्या दिवशी मागे राहते; औषध मागे राहून भागत नाही.

दुसरा नियम उलटा वाटेल असा आहे. फोन भारण्याचा जो बॅटरीचा ठोकळा मुले आपल्याला देतात, ज्याला पॉवर बँक म्हणतात, तो जमा करण्याच्या पेटीत मुळीच ठेवायचा नाही. तो हातातच हवा. धोक्याची वस्तू माणसांत कशी, असे कोणीही विचारील. कारण असे की लिथियमची बॅटरी बिघडली तर ती स्वतःच्याच उष्णतेने भडकत जाते, आणि कोठारातल्या वायूला ती दाद देत नाही. हाताशी असली तर निदान धूर दिसतो आणि सेविका तिच्यावर पाणी ओतू शकतात. २८ जानेवारी २०२५ रोजी दक्षिण कोरियात बुसानच्या विमानतळावर सुटण्याच्या तयारीतले एक विमान डोक्यावरच्या फळीतून निघालेल्या आगीने जळले. आतली १७६ माणसे उतरवता आली, म्हणून वाचली. तपासकांचा संशय अशाच एका ठोकळ्यावर गेला. तेव्हा तो फळीतही न टाकता आपल्याजवळ, नजरेसमोर ठेवावा. त्याची मर्यादा १०० वॅट-तासांची. वर २०००० असा आकडा लिहिलेला असला तर त्याला ३.७ ने गुणून हजाराने भागावे. ७४ येतात, म्हणजे चालतो. ज्याच्यावर आकडाच नाही, तो घरी ठेवावा. १०० ते १६० मधला न्यायचा तर कंपनीची परवानगी लागते.

परदेशी जाणाऱ्या भगिनींना एक गोष्ट अगदी निक्षून सांगते. आपल्या देशातून सुटणे निराळे आणि त्यांच्या देशात शिरणे निराळे. अनारशावर आणि डिंकाच्या लाडवांत आपण खसखस घालतो. ती खसखस संयुक्त अरब अमिरातीत बंदीची वस्तू आहे. सिंगापुरातही तिच्यावर निर्बंध आहेत, कारण ती अफूच्या बोंडातली. आपल्या लेखी ते बाळंतिणीचे पथ्य. तेथल्या अधिकाऱ्याच्या लेखी तो अमली पदार्थाचा गुन्हा. तेव्हा दुबईच्या लेकीसाठी लाडू करताना खसखस वगळावी. डिंक, खारीक, बदाम यांनी लाडू काही कमी पौष्टिक होत नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड येथे खाण्याची प्रत्येक वस्तू उतरताना कागदावर लिहून द्यावी लागते. न्यूझीलंडमध्ये लपवलेल्या एका फळालासुद्धा जागच्या जागी ४०० डॉलर दंड होतो. आपल्या वरूड-मोर्शीच्या संत्र्यांचा अभिमान मलाही आहे. पण एका फळातली कीड परक्या देशाचे मळे बुडवू शकते, हे शेतकऱ्याच्या घरातल्या बाईने समजून घ्यायला हवे. लिहून दिले तर फार तर वस्तू जाते. लपवले तर अब्रू जाते.

आता जे सांगते ते सर्वांत महत्त्वाचे. विमानतळावर एक प्रश्न विचारतात: “हे सामान तुम्ही स्वतः भरले आहे का?” आपण घाईत “हो हो” म्हणतो. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे ‘कनिष्क’ विमान आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ समुद्रावर फुटले आणि ३२९ माणसे गेली. बॉम्ब एका जमा केलेल्या पेटीत होता, आणि त्या पेटीचा धनी विमानात चढलाच नव्हता. म्हणून आज प्रवासी चढला नाही तर त्याची पेटी शोधून खाली उतरवतात, आणि आपण उशीर झाला म्हणून कुरकुरतो. त्यानंतर दहा महिन्यांनी, १७ एप्रिल १९८६ रोजी, लंडनच्या विमानतळावर एक गरोदर आयरिश तरुणी तेल अवीवला निघाली होती. तिचा भावी पती मागून येणार होता. त्याने तिला एक पिशवी दिली होती. तपासनिसांनी पिशवी रिकामी केली, तरी ती जडच लागली. तळाशी चोरकप्प्यात स्फोटक होते. त्या बिचारीला त्याचा पत्ताही नव्हता.

ही परदेशची उदाहरणे झाली म्हणाल, तर आपल्या महाराष्ट्रातलेच सांगते. २०१९ साली मुंबईचे एक दाम्पत्य नात्यातल्या बाईने दिलेले पुडके घेऊन कतारला गेले. तंबाखू म्हणून दिलेल्या त्या पुडक्यात चरस निघाला. दहा वर्षांची शिक्षा झाली. निरपराधीपणा पटून सुटका व्हायला २०२१ साल उजाडले. एका पुडक्याची ही किंमत!

आपल्याकडे कोणी परगावी निघाले की शेजारणी पुडकी घेऊन येतात. “एवढे माझ्या सुनेला द्या बाई, फार नाही.” नाही म्हणणे जिवावर येते. मी असे सुचवते: पुडके बंद असेल तर घेऊ नये. उघडे घ्यावे, देणारीच्या समोर पाहावे, आणि आपल्या हाताने बांधावे. “काकू, तुमच्यावर अविश्वास नाही; पण तिथे विचारतात तेव्हा मला खरे बोलायचे आहे,” असे म्हटले की कोणी रागावत नाही. आणि जी रागावते, तिचे पुडके न घेतलेलेच बरे. त्याचप्रमाणे मुलाने किंवा जावयाने प्रेमाने भरून दिलेली पेटीही एकदा स्वतः उचकून पाहावी. पेटी आपल्या नावावर जाते. तिच्यातल्या वस्तूची जबाबदारी आपल्या नावावर असते. जबाबदारी आपली आणि माहिती दुसऱ्याची, ही स्थिती बाईने आता कोठेच चालवून घेऊ नये.

शेवटी वजनाविषयी थोडे. देशातल्या साध्या तिकिटावर बहुधा जमा करण्याला १५ किलो आणि हातात ७ किलो चालतात. छोट्या विमानांत हातातली मर्यादा याहून कमी असू शकते. तेव्हा तिकिटावरचा आकडा वाचावा. हातात पिशवी एकच. शिवाय बायकांना पर्स चालते. वजनाचा हा हट्ट पैशांपुरताच नाही. बेलोऱ्याची धावपट्टी १८५० मीटर लांब आहे; तेवढ्यात विमानाने वेग धरून उचलले गेले पाहिजे. आपल्या वऱ्हाडात वैशाखाचे ऊन कसे असते ते मी सांगावे असे नाही. तापलेली हवा विरळ होते, पंखांना तिचा आधार कमी मिळतो आणि इंजिनाचा जोरही घटतो. म्हणून उन्हाळ्याच्या दुपारी वजनाचा हिशोब फार काटेकोर ठेवावा लागतो. आपण चोरून कोंबलेले दोन किलो सांडगे एकट्याने विमान पाडणार नाहीत. पण सत्तर जणांनी तोच विचार केला तर जवळजवळ दीड क्विंटल होते.

यावर माझी मंडळाला एक सूचना आहे. आपल्या कार्यालयात पेटी लटकवून तोलण्याचा एक काटा घ्यावा. त्याला फार खर्च नाही. भिंतीवर तीन वाट्यांचा तक्ता लावावा, आणि नियम बदलतात म्हणून एखाद्या भगिनीने तो दर सहा महिन्यांनी विमानकंपन्यांकडे विचारून दुरुस्त करावा. ज्या सभासदबाई पहिल्यांदाच विमानाने निघतील, त्यांनी आदल्या आठवड्यात येथे यावे, आणि जाऊन आलेल्या दोघींनी त्यांच्याबरोबर बसून वाटे करून घ्यावेत. पेटी मात्र त्यांची त्यांनीच भरावी.

 काट्याची वर्गणी आजच सुरू करावी, अशी विनंती करून मी माझे भाषण पुरे करते.